ज्युनिअर आईस हॉकीपटू व्यावसायिक संघासाठी तयार झाला आहे, हे कसे ठरवावे

सप्टेंबरच्या मध्यावर एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च आईस हॉकी लीगच्या ३२ संघांची सराव शिबिरे सुरू होतात आणि ज्यांच्या मुलाची ड्राफ्टमध्ये निवड झालेली आहे, अशा घरांत त्या सुमारास दुसरा विषय निघत नाही. मुलगा १८-१९ वर्षांचा असतो, मागच्या हंगामात त्याने ज्युनिअर लीगमध्ये भरपूर गोल केलेले असतात, आणि आता त्याने व्यावसायिक हॉकीत उतरावे की आणखी एक वर्ष ज्युनिअरमध्ये काढावे, हे ठरवायचे असते. कॅनडात टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टन-मिसिसागा परिसरातल्या मराठी घरांतली मुलेही आता पहाटेच्या सरावाला हॉकीची बॅग ओढत जाताना दिसतात. त्यांचे आईवडील भारतात वाढलेले असल्यामुळे या व्यवस्थेतल्या खाचाखोचा त्यांच्या अंगवळणी पडलेल्या नसतात. मी गेली बरीच वर्षे ओंटारिओतल्या रिंकच्या बाकांवर वही घेऊन बसत आलो आहे, आणि मुख्यतः या आईवडिलांसाठी हे लिहीत आहे.

मुलगा तिथे तगेल का, एवढेच विचारले तर निर्णय बऱ्याचदा चुकतो. धडधाकट आणि जिद्दी मुलगा कुठेही तगतो. त्या संघात, त्या जागेवर, मिळणाऱ्या तेवढ्या मिनिटांत त्याचा खेळ वाढत राहील का, हे विचारावे. पुढे जे काही सांगणार आहे, ते या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच आहे.

आधी नियम समजून घ्यावा

क्रिकेटच्या सवयीमुळे पहिला गैरसमज ड्राफ्टविषयी होतो. आयपीएलच्या लिलावात बोली लागलेला खेळाडू त्याच हंगामात संघाबरोबर असतो. एनएचएलच्या ड्राफ्टमध्ये सात फेऱ्यांत दोनशेहून अधिक मुलांची निवड होते आणि त्यांपैकी बहुतेक जण शरद ऋतूत आपल्या जुन्याच संघात परततात, कारण निवडीमुळे क्लबला त्या मुलाशी करार करण्याचा हक्क मिळतो, यापलीकडे काहीही ठरत नाही. त्या वर्षीच्या १५ सप्टेंबरपर्यंत १८ वर्षे पूर्ण होणारा मुलगा ड्राफ्टसाठी पात्र ठरतो. या तारखेचा परिणाम लोक ध्यानात घेत नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जन्मलेला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस जन्मलेला, अशा दोन मुलांच्या वयात तीनच आठवड्यांचे अंतर असते, पण पहिला एक वर्ष आधी ड्राफ्टमध्ये येतो. म्हणून दोन मुलांची तुलना करताना ड्राफ्टचे वर्ष पाहू नये, जन्मतारीख पाहावी.

कॅनडातील ओएचएल, डब्ल्यूएचएल आणि क्यूएमजेएचएल या तीन ज्युनिअर लीग मिळून सीएचएल होते आणि तिथे साधारण १६ ते २० वयोगटातील मुले खेळतात. एनएचएल आणि सीएचएल यांच्यातील करारानुसार, सीएचएलमधून निवडलेला खेळाडू हंगामातल्या ३१ डिसेंबरपर्यंत २० वर्षांचा होणार नसेल आणि त्याचे ज्युनिअरचे चार हंगामही झालेले नसतील, तर त्याला एकतर एनएचएलमध्येच ठेवावे लागते किंवा ज्युनिअर संघाकडे परत पाठवावे लागते. मधली पायरी असलेली एएचएल ही व्यावसायिक लीग त्याला बंद असते. युरोपातील क्लबमधून निवडलेल्या मुलांना हे बंधन नाही. जगातल्या सर्वांत कठीण लीगमध्ये जाणे किंवा जिथे शिकण्यासारखे फारसे उरलेले नाही अशा लीगमध्ये परतणे, या दोहोंमध्ये अडकलेला १९ वर्षांचा मुलगा ही या व्यवस्थेतील जुनी दुखरी जागा आहे. २०२५ मध्ये एनएचएल आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या नव्या कामगार करारात प्रत्येक एनएचएल क्लबला २०२६-२७ पासून असा एक १९ वर्षांचा खेळाडू एएचएलमध्ये पाठवण्याची मुभा मिळाली. क्लबागणिक जागा एकच असल्याने आपल्या मुलाचा त्या जागेसाठी विचार होत आहे का, हे क्लबला स्पष्ट विचारावे.

दुसरा नियम नऊ सामन्यांचा. १८ किंवा १९ व्या वर्षी करार केलेला खेळाडू एका हंगामात एनएचएलचे दहा सामने खेळला नाही, तर त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचे एक वर्ष खर्ची न पडता पुढे सरकते. दहावा सामना खेळला की ते वर्ष मोजले जाते. म्हणून अनेक क्लब मुलाला नऊ सामन्यांपर्यंत खेळवून पाहतात आणि मग निर्णय घेतात. या नऊ सामन्यांकडे घरच्यांनीही परीक्षा म्हणूनच पाहावे. त्यात गोल झाला का, याला फार महत्त्व नाही. पहिल्या सामन्यात प्रशिक्षकाने त्याला किती मिनिटे बर्फावर ठेवले आणि नवव्या सामन्यात किती, हा आकडा पाहावा. तो घसरत गेला असेल, तर तोंडाने कुणीही काहीही सांगो, प्रशिक्षकाने आपले मत नोंदवलेले आहे.

गुणतक्ता मिटून एकच खेळाडू पाहावा

सुरुवातीच्या काळात मीही गुणतक्ता पाहून मत देत असे. एका परिचित घरी, मुलाने हंगामात ९० च्या वर गुण (गोल आणि गोलला हातभार लावणारे पास मिळून) मिळवले होते म्हणून, तो आता ज्युनिअरच्या पलीकडे गेला आहे असे मी ठामपणे सांगितले. नंतर त्या हंगामातील त्याचे गोल एकामागून एक पाहिले, तेव्हा लक्षात आले की त्यांतले निम्म्याच्या आसपास पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा संघ एक खेळाडूने कमी असताना, झाले होते आणि उरलेल्यांपैकी बहुतेक मोकळ्या बर्फावरून वेगाने आत घुसून. व्यावसायिक संघात नवख्या मुलाला पॉवर प्लेवर क्वचितच उभे करतात, आणि तिथले बचावपटू मधली वाट मोकळी सोडत नाहीत. मी दिलेले मत चुकीचे होते आणि ते चुकीच्या आकड्यावर उभे होते, याची बोच अजून आहे. तेव्हापासून दोन्ही संघांचे पाच-पाच खेळाडू बर्फावर असतानाचे गुण मी वेगळे काढतो, आणि त्यांतही गोलच्या अगदी पुढ्यात, पाठीवर विरोधकाची काठी असताना किती गोल झाले, ते मोजतो. असे गोल करणाऱ्या मुलाचा खेळ वरच्या पातळीवरही चालतो.

पण आकड्यांपेक्षा डोळ्यांनी अधिक कळते. तीन सामने निवडावेत, आणि शक्य असेल तर त्यांतला एक रविवारचा असावा, कारण ज्युनिअर संघ पुष्कळदा शुक्रवार, शनिवार आणि रविवार असे सलग तीन दिवस खेळतात आणि तिसऱ्या दिवशीच्या शेवटच्या वीस मिनिटांत मुलाच्या सवयी उघड्या पडतात. जागा गोलच्या मागच्या कोपऱ्यात, वरच्या रांगेत घ्यावी. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, कुठे आहे याकडे पूर्ण दुर्लक्ष करून आपल्या मुलावरच नजर ठेवावी. पहिल्या दिवशी हे फार जड जाते, मान आपोआप पककडे वळते. माझ्या वहीत प्रत्येक शिफ्टसाठी, म्हणजे खेळाडू बर्फावर उतरून बाकावर परतेपर्यंतच्या वेळासाठी, तीन रकाने असतात: मागे पाहिले का, पहिला पास लागला का, आणि पक गमावल्यावर पहिली तीन पावले कशी टाकली. शिफ्ट चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची असते, तेवढ्यात तीन खुणा सहज होतात.

बचावपटूच्या बाबतीत पहिला रकाना सर्वांत बोलका असतो. पक त्याच्या कोपऱ्यात येतो, तो त्यामागे धावतो, तोंड काचेकडे असते आणि मागून विरोधी खेळाडू पूर्ण वेगात येत असतो. पकपाशी पोचण्याआधी त्याने खांद्यावरून किती वेळा मागे वळून पाहिले, हे मोजावे. दोनदा पाहून पोचणाऱ्याने पास कुठे द्यायचा ते आधीच ठरवलेले असते, त्याची काठी पकला लागते आणि पक निघून जातो. न पाहता पोचणारा पक मिळाल्यावर विचार करू लागतो. ज्युनिअरमध्ये त्याचेही निभावते, कारण मागून येणारा १७ वर्षांचा, बऱ्याचदा शरीराने हलका असा मुलगा असतो. एनएचएलमध्ये मागून येणारा २८ वर्षांचा, नव्वद किलोंच्या पुढचा गडी असतो आणि त्याला त्या बचावपटूची ही सवय व्हिडिओवरून ठाऊक असते. अशा मुलाला घाईने वर पाठवले, तर आधी खांदा जातो आणि मग आत्मविश्वास.

विंगरची, म्हणजे कडेने खेळणाऱ्या आक्रमकाची, परीक्षा स्वतःच्या भागात, कडेच्या बोर्डला लागून होते. बोर्डवरून घरंगळत आलेला पक, समोरून धावून येणारा विरोधी बचावपटू, आणि तो पक आपल्या भागाबाहेर काढण्याची जबाबदारी, हा प्रसंग एका सामन्यात आठ-दहा वेळा येतो. त्यातले बहुतेक पक बाहेर काढणारा १९ वर्षांचा विंगर प्रशिक्षकाला हवासा वाटतो, मग त्याचे गोल थोडे कमी का असेनात. सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, असेल तर फेस-ऑफ (पंचाने दोघांमध्ये टाकलेला पक जिंकणे) आणि स्वतःच्या गोलजवळची राखण पाहावी. तिसऱ्या रकान्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. पक गमावल्यावर हात वर करून पंचाकडे पाहणारा मुलगा तयार नाही.

गोलरक्षकांचा हिशेबच वेगळा आहे आणि त्यांच्या बाबतीत घाईला जवळजवळ कधीच कारण नसते. केरी प्राइस २००५ मध्ये पाचव्या क्रमांकावर निवडला गेला, तरी त्यानंतर दोन वर्षे तो ट्राय-सिटी या ज्युनिअर संघातच खेळला. २००७ च्या वसंतात तो हॅमिल्टनच्या एएचएल संघात आला, त्याच मोसमात संघाने कॅल्डर कप, म्हणजे एएचएलचे विजेतेपद, जिंकला आणि प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा मानही त्यालाच मिळाला. एनएचएलमध्ये तो त्यानंतर उतरला.

कुणाचे काय झाले

लिऑन ड्रायसाइटलचे उदाहरण मी प्रत्येक आईवडिलांना सांगतो. २०१४ मध्ये एडमंटनने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले आणि लगेच संघात ठेवले. नऊ सामन्यांची मर्यादा ओलांडली गेली, कराराचे वर्ष खर्ची पडले, आणि ३७ सामन्यांत २ गोल व ७ असिस्ट (गोलला हातभार लावणारे पास) एवढीच त्याची कमाई झाली. जानेवारी २०१५ मध्ये क्लबने त्याला परत ज्युनिअरमध्ये, केलोना संघाकडे पाठवले. तिथे त्याला पुन्हा पक हातात ठेवून खेळायला मिळाले. केलोनाने डब्ल्यूएचएलचे विजेतेपद मिळवले आणि मेमोरियल कप या सीएचएलच्या अजिंक्यपद स्पर्धेच्या अंतिम सामन्यात संघ हरला, तरी स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. पुढच्या हंगामाची सुरुवात त्याने एएचएलमधील सहा सामन्यांनी केली, आणि मग एनएचएलच्या ७२ सामन्यांत ५१ गुण मिळवले. २०२० मध्ये त्याने एनएचएलच्या सर्वांत मौल्यवान खेळाडूला मिळणारी हार्ट ट्रॉफी जिंकली. परत पाठवले जाण्यात त्याचे काहीही बिघडले नाही. माझ्या मते आणखी चार महिने तो एनएचएलच्या बाकावर बसून राहिला असता, तर मात्र बिघडले असते.

मॅनी मल्होत्राची गोष्ट आपल्याला अधिक जवळची आहे, कारण तो मिसिसागाचा, भारतीय वंशाचा मुलगा. १९९८ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सने त्याला सातव्या क्रमांकावर निवडले आणि १८ व्या वर्षी तो ७३ सामने खेळला. गुण मिळाले १६. दुसऱ्या हंगामात तो एकाच वर्षात रेंजर्स, ग्वेल्फचा ज्युनिअर संघ आणि हार्टफर्डचा एएचएल संघ असा तीन ठिकाणी फिरला. पुढे तो बचावात पक्का, फेस-ऑफ जिंकून देणारा सेंटर म्हणून नावाजला गेला आणि एनएचएलमध्ये ९९१ सामने खेळला. ही कारकीर्द कुणालाही अभिमान वाटावा अशीच आहे. तरीही १८ व्या वर्षी ते ७३ सामने चौथ्या, म्हणजे सर्वांत कमी मिनिटे मिळणाऱ्या, फळीत काढण्याऐवजी ग्वेल्फमध्ये वीस-बावीस मिनिटे खेळला असता, तर त्याच्यातला गोल करणारा खेळाडू अधिक फुलला असता, असे मला वाटत आले आहे. चौथ्या फळीत सात-आठ मिनिटे मिळणारा मुलगा पक पुढच्या भागात फेकून बाकावर परतायला शिकतो, आणि ती सवय हाडीमाशी भिनते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. मॅथ्यू शेफर या बचावपटूचा कॉलरबोन २०२४-२५ च्या हंगामात जागतिक ज्युनिअर स्पर्धेत मोडला आणि ओएचएलमध्ये तो त्या वर्षी १७ सामनेच खेळू शकला. त्याचा वाढदिवस ५ सप्टेंबरचा, म्हणजे तो त्या ड्राफ्टमधल्या सर्वांत लहान मुलांपैकी एक. तरीही २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सने त्याला पहिल्या क्रमांकावर निवडले आणि त्याच शरद ऋतूत तो १८ व्या वर्षी एनएचएलमध्ये खेळू लागला. त्याचे स्केटिंग आणि पकपाशी पोचण्याआधी घेतलेले निर्णय पाहिले, तर त्याला ज्युनिअरमध्ये परत पाठवून काय साधले असते, याचे उत्तर मला देता येत नाही. वयावर किंवा सामन्यांच्या संख्येवर नियम बांधता येत नाही, तो यामुळेच.

शरीर आणि घराबाहेरचे जगणे

ड्राफ्टच्या आधी निवडक मुलांची बफेलोमध्ये शारीरिक चाचणी होते. त्यातल्या तीस सेकंदांच्या विंगेट सायकल चाचणीनंतर मुले उलट्या करतात, इतकी ती कठोर असते. पण एका दिवसाच्या चाचणीपेक्षा ८२ सामन्यांचा हंगाम (२०२६-२७ पासून ८४) निभावणारे शरीर वेगळे. मुलाची उंची अजून वाढत आहे का, हंगामाच्या शेवटी त्याचे वजन किती उतरते, आणि दुखापतीनंतर तो पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात, याची नोंद घरच्यांनी दोन वर्षे ठेवावी. जानेवारीपर्यंत चार-पाच किलो गमावणारा मुलगा अजून भरलेला नाही.

ज्युनिअरमध्ये मुलगा घरापासून दूर असला तरी बिलेट कुटुंबाकडे, म्हणजे त्याला घरात ठेवून घेणाऱ्या स्थानिक कुटुंबाकडे, राहतो. तिथली आई त्याला सकाळी अंडी करून देते, उशीर झाला तर फोन करते, आजारी पडला तर डॉक्टरकडे नेते. व्यावसायिक संघात हे संपते. एएचएलच्या एखाद्या शहरात तो भाड्याच्या घरात असतो, रात्री अकराला बसमधून उतरतो, फ्रीजमध्ये काही नसते आणि सकाळी साडेआठला रिंकवर पोचायचे असते. संघातले सहकारी तिशीतले, बायकामुलांचे, आणि ज्या जागेवरून त्यांचे घर चालते तीच जागा हा मुलगा मागत असतो. म्हणून मी आईवडिलांना एक साधी परीक्षा सुचवतो. उन्हाळ्यातले सहा आठवडे मुलाने आपले जेवण स्वतः करावे, बँक आणि बिले स्वतः पाहावीत, सरावाला कुणी न उठवता जावे. मॅक्लिन सेलिब्रिनीसारखा पहिल्या क्रमांकाचा खेळाडूही सॅन होजेमधल्या पहिल्या हंगामात त्याच क्लबचा माजी खेळाडू जो थॉर्नटन याच्या कुटुंबाकडे राहत होता, तेव्हा आधाराची गरज भासणे यात कमीपणा नाही. ती गरज ओळखून आधीच व्यवस्था करावी, एवढेच.

करार, कॉलेज आणि विसावे वर्ष

पहिल्या करारात दोन वेगळे पगार लिहिलेले असतात, एनएचएलमधला आणि एएचएलमधला. २०२५ मध्ये निवडलेल्यांसाठी एनएचएलमधल्या पगाराची कमाल मर्यादा वर्षाला ९,७५,००० डॉलर आहे. एएचएलमध्ये तोच मुलगा ऐंशी-पंच्याऐंशी हजारांच्या आसपास कमावतो. पहिल्या आकड्यावर घर घेण्याचे बेत करू नयेत. एजंटचे उत्पन्न करारावर अवलंबून असते, म्हणून सही आत्ताच का, पुढच्या वसंतात का नाही, हे त्याच्याकडून कारणांसह ऐकावे. सीएचएलमधील प्रत्येक हंगामामागे मुलाला पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती जमा होत असते. व्यावसायिक करारावर सही केल्यास तिचे काय होते, हे सहीच्या आधी ज्युनिअर संघाकडून लेखी घ्यावे.

१ ऑगस्ट २०२५ पासून सीएचएलमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकेतल्या एनसीएए कॉलेज हॉकीचे दार उघडले आणि मेडिसिन हॅट या ज्युनिअर संघाचा गॅव्हिन मॅकेना लगेच पेन स्टेट विद्यापीठात गेला. कॉलेजचे सामने ज्युनिअरपेक्षा बरेच कमी आणि बहुतांशी शुक्रवार-शनिवारी असतात, समोर विशी ओलांडलेले खेळाडू असतात, आणि आठवड्यातले उरलेले दिवस व्यायामशाळेसाठी मोकळे मिळतात. ज्युनिअर सोपे वाटू लागले आहे पण शरीर भरलेले नाही, अशा मुलासाठी मला हा आज सर्वांत चांगला मार्ग वाटतो. मात्र एनएचएल करारावर सही केली की तो बंद होतो.

ज्याची निवडच झाली नाही, त्याच्या घरच्यांनीही धीर सोडू नये. प्रत्येक ज्युनिअर संघाला २० वर्षांचे तीन खेळाडू ठेवता येतात. ब्रिटिश कोलंबियातल्या सरेचा अर्शदीप बैन्स ड्राफ्टमध्ये कुणालाच नको होता. २०२१-२२ मध्ये या अखेरच्या वर्षात त्याने रेड डीअरसाठी ११२ गुण मिळवून डब्ल्यूएचएलमध्ये पहिला क्रमांक पटकावला, मार्च २०२२ मध्ये व्हँकूव्हरने त्याच्याशी करार केला, आणि एएचएलमध्ये घडून तो फेब्रुवारी २०२४ मध्ये एनएचएलमध्ये उतरला.

परत पाठवले गेल्यास

शिबिरातून निघताना प्रशिक्षक किंवा व्यवस्थापक मुलाशी दहा मिनिटे बोलतात आणि मुलाच्या डोक्यात त्यातले एकच वाक्य राहते. म्हणून त्याने खोलीतून बाहेर पडताच ऐकलेले सगळे लिहून काढावे, आणि एक प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर पडू नये: ख्रिसमसपर्यंत माझ्या खेळात नेमके काय बदललेले तुम्हाला पाहायचे आहे? ‘ताकद वाढव’ हे उत्तर पुरेसे नाही. ‘डाव्या कोपऱ्यातला पक बॅकहँडवर घेऊन मध्ये पास दे’ हे उत्तर कामाचे आहे. तो कागद ज्युनिअर प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी दाखवावा आणि त्याप्रमाणे सरावाच्या शेवटची पंधरा मिनिटे मागून घ्यावीत. घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस नातेवाइकांचे फोन आईवडिलांनी घ्यावेत. मुलाला झोपू द्यावे, कारण बहुतेकदा त्याच शुक्रवारी त्याच्या जुन्या संघाचा सामना असतो आणि त्यात त्याला वीस मिनिटांहून अधिक खेळायचे असते.